प्रभुभोजनाला (येशूच्या स्मरणार्थ भाकर व प्याला घेण्याच्या ख्रिस्ती विधीला) जाण्यापूर्वी आत्मिक तयारी कशी करावी?

बायबलमधील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या 11व्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो, की प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच भाकर खावी व प्याल्यातून प्यावे. शेजाऱ्याची परीक्षा करायला तो सांगत नाही, हे आपण सोयीने विसरतो. करिंथ शहरातल्या त्या मंडळीत, म्हणजे ख्रिस्ती समुदायात, काही जण आधीच पोटभर जेवत आणि गरीब उपाशी राहत, म्हणून त्याला हे लिहावे लागले. माझ्या मते ही तयारी प्रार्थनेइतकीच घरात आणि कामाच्या ठिकाणी होते. मत्तयाच्या शुभवर्तमानातील 5:23-24 प्रमाणे, आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण वेदीपुढेच ठेवून, चूक कोणाची याचा निवाडा होण्याची वाट न पाहता, समेटासाठी आपणच आधी जायचे असते. उपास करणार असाल, तर तो कोणाला जाणवू देऊ नये.