पहिल्या वर्षाच्या कोडिंगसाठी ठेव मोडायची का?

देवगड तालुक्यातल्या एका आंबा बागायतदारांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, तिला आयटीत जायचंय. पुण्यातल्या एका खासगी कॉलेजात बीसीएला जागा मिळतेय. फी वर्षाला 1 लाख 35 हजार, हॉस्टेल आणि मेस 1 लाख 10 हजार. दुसरा पर्याय रत्नागिरीत बीएससी आयटीचा. तिथे फी 35 हजार आणि खोली-डबा महिन्याला 6 हजार. पतसंस्थेत 8 लाखांची ठेव आहे, ती मोडावी का? ओबीसी कुटुंब, उत्पन्न 8 लाखांच्या आत, धाकटा मुलगा नववीत. पुण्याला जागा धरायला 10 हजार भरून झालेत.

पुण्यासाठी ठेव मोडू नका. आधी आकडे बघा. पुण्याची तीन वर्षं 7 लाख 35 हजारांची, त्यावर लॅपटॉपचे 50 हजार. म्हणजे ठेव जवळपास संपलीच. रत्नागिरीत लॅपटॉप धरून 3 लाख 71 हजार. फरक 4 लाख 14 हजारांचा. लेकीची पदवी झाली की वर्षभरात धाकट्याची बारावी होईल, आणि त्याच्यासाठी याच पैशांकडे बघावं लागेल.

या फरकात पहिल्या वर्षी नक्की काय विकत घेता? संगणकाच्या पदवीचं पहिलं वर्ष सगळीकडे साधारण सारखंच: सी किंवा पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, डिजिटल इलेक्ट्रॉनिक्स, ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेसची ओळख, थोडं गणित. सीमधला पॉइंटर पुण्यात शिकवला म्हणून लवकर कळत नाही, रोज दोन तास प्रोग्रॅम लिहिले तर कळतो. एनपीटीईएल या ऑनलाइन वर्गांच्या संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांचे हेच विषय फुकट ऐकता येतात, प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेचे 1,000 रुपये. पुण्याचा खरा फायदा आहे इंटर्नशिपचा आणि ओळखींचा. तो मी कमी लेखत नाही, पण त्याची गरज तिसऱ्या वर्षी पडते. वाचलेले पैसे तेव्हासाठी ठेवा: शेवटच्या वर्षीची पुण्यातली इंटर्नशिप किंवा पुढे सीईटी (राज्याची प्रवेश परीक्षा) देऊन एमसीए, म्हणजे संगणकातली पदव्युत्तर पदवी. एमसीए 2020-21 पासून दोनच वर्षांचा आहे. त्याला गणिताची अट काय आहे, तेवढं आत्ताच तपासा.

रत्नागिरीच्या कॉलेजची पारख मात्र जाऊनच करा, माहितीपत्रकावर जाऊ नका. चालू दिवशी, शक्यतो धो-धो पावसात, लॅबमध्ये उभे राहा. किती मशीन सुरू आहेत, लाइट गेली तर बॅकअप चालतो का, शिकवणारे पूर्णवेळ आहेत की तासिका तत्त्वावर, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, ती खरं सांगतात. लॅब बंद पडलेली असेल तर स्वस्त फीसुद्धा महागच.

एका गोष्टीने माझं उत्तर फिरू शकतं. बीसीए 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आलं आणि राज्यात त्याची सीईटी सुरू झाली. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयाने तुमच्यासारख्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश कॅप फेरीतून (राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) झालेला हवा, संस्थास्तरावरचा चालत नाही. 10 हजार भरून धरलेली जागा मला कॅपची वाटत नाही. तिने सीईटी दिली असेल तर कॅपमधून काय मिळतं ते बघा आणि हा कोर्स त्या कॉलेजात महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर या सवलतीत बसतो का, ते लेखी घ्या. बसत असेल तर पुण्याचा मुख्य खर्च हॉस्टेल-मेसचा उरतो. मग खुशाल पाठवा.

आता ठेवीबद्दल, हे तुम्ही विचारलेलं नाही. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, एका बँकेत सगळ्या मिळून 5 लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेला तो नाही. एवढी रक्कम एकाच पतसंस्थेत ठेवणं मला पटत नाही, मग व्याज एखादा टक्का जास्त का असेना. मुदत संपेल तशी ती दोन-तीन पावत्यांत फोडून दोन वेगळ्या बँकांत न्या.

तुमची खरी अडचण वेळेची आहे. जूनची फी वाशी मार्केटच्या पट्टीतून, म्हणजे आंबा विकून आलेल्या पैशांतून, भागेल. दुसरा हप्ता डिसेंबर-जानेवारीत येतो, तेव्हा मोहोर आणि फवारणीचा खर्च डोक्यावर असतो. त्यासाठी ठेव मोडण्यापेक्षा ठेवीवर कर्ज घ्या. ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त पडतं, मे महिन्यात फेडून मोकळे. शैक्षणिक कर्ज पदवीला नको, एमसीएला बघू. 4 लाख 10 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साडेआठ हजारांचा, आणि शिकतानाचं व्याज चढलं तर त्याहून मोठा. पहिला पगार 20 हजार धरला तर पुण्यात राहून तो कसा भरायचा?

10 हजारांची पावती आहे का ते शोधा. असेल तर प्रवेश रद्द करत असल्याचं पत्र देऊन पोच घ्या आणि पैसे परत मागा. परत नाही मिळाले तरी त्यांच्यापायी पुढचे सात लाख घालू नका.