४४ एचपीची क्वाड आणि वर्षाचे ३२ दिवस

मुलुंड पूर्वेच्या एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४६, आयटीत नोकरी, हातात महिन्याला १ लाख ६० हजार, घराचा हप्ता ४२ हजार आणि तो अजून सहा वर्षं चालणार. मुलगी दहावीत. मुरबाडच्या पुढे टोकावड्याजवळ वडिलांची ३ एकर जमीन, तिच्यात आंब्याची १२० कलमं आणि खाली थोडा भात. खत, पेट्या वाहायला आणि शनिवार-रविवारी मित्रांबरोबर रानवाटा फिरायला त्यांना क्वाड बाइक, म्हणजे जाड टायरांची चारचाकी ऑफ-रोड बाइक, हवी आहे. नव्या पोलारिस स्पोर्ट्समन ५७०चं कोटेशन सगळं धरून ९ लाख ८० हजारांचं मिळालंय, आणि ओळखीतल्या एकाकडे यामाहा ग्रिझली ७०० साडेपाच लाखांत आहे. नवी घेतली तर ३ लाख ८० हजार १४ लाखांच्या एफडीतून आणि ६ लाख पर्सनल लोन. प्रश्न असा: ताकदीत आणि हँडलिंगमध्ये कोणती सरस, आणि हे पैसे घालावेत का?

तुम्ही पहिला प्रश्न दीड पान लिहिलाय आणि दुसरा दीड ओळीत. मी उलटं करणार आहे, पण पहिल्याला टाळणार नाही, कारण पैशाचं उत्तर थोडंफार तिथंच दडलंय.

दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत. स्पोर्ट्समनला ५६७ सीसीचं एक सिलिंडर आणि ४४ एचपी, ग्रिझलीला ६८६ सीसी. दोन्हींना बेल्टवर चालणारा ऑटोमॅटिक गिअर, दोन्हींना मागे स्वतंत्र सस्पेन्शन. पोलारिसची पुढची चाकं मागची घसरायला लागली की आपोआप जोर लावतात, यामाहात ते बटण दाबून ठरवायचं. घाटउतारावर यामाहाचं इंजिन ब्रेकिंग (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिननंच वेग आवरणं) मला जास्त भरवशाचं वाटतं. जुलैतल्या लाल चिखलात मात्र एचपीपेक्षा टायर आणि वजन बोलतं, आणि स्पोर्ट्समनचं नुसतं कोरडं वजनच सव्वातीनशे किलोच्या आसपास आहे. रुतली तर तिघं लागतात. शिवाय रुंदी चार फूट. तुमच्या भाताचा बांध किती रुंद आहे, एकदा टेप लावून बघा.

आता तुमच्या कामाकडे येतो. स्पोर्ट्समनच्या पुढच्या रॅकवर ४१ किलो आणि मागच्या रॅकवर ८२ किलो ठेवायची मुभा आहे. युरियाची गोणी ४५ किलोची. म्हणजे पुढे एक गोणीसुद्धा नियमात बसत नाही, मागे एकच. वीस किलोच्या पेट्या धरल्या तर एका फेरीत सहा. मागे ट्रेलर लावला तर साडेपाचशे किलोपर्यंत ओढते, पण मग ट्रेलरचा खर्च वेगळा आणि उतारावर तो ढकलतो ते वेगळं. तुम्हीच लिहिलंय की गावातला पिकअपवाला फेरीला ७०० रुपये घेतो आणि वर्षात फार तर २५ फेऱ्या होतात. झाले साडेसतरा हजार. शेतीच्या कामाची तुमची खरी गरज एवढीच आहे.

बाकी सगळा शौक. शौकाला माझा विरोध नाही, फक्त त्याची किंमत शेतीच्या खात्यावर लिहू नका.

ती किंमत अशी. ६ लाखांचं पर्सनल लोन १२ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण १३,३५० रुपये आणि एकूण व्याज २ लाख. सर्व्हिस, टायर, बेल्ट, इन्शुरन्स, पेट्रोल मिळून वर्षाला ५० हजार मी धरतो. पाच वर्षांनी गाडी साडेचार लाखांना गेली असं मानू, आणि हे मी उदार होऊन मानतोय, कारण अशा गाडीला गिऱ्हाईक शोधावं लागतं. मोडलेल्या एफडीवरचं बुडालेलं व्याज धरलं की वर्षाला सव्वादोन लाखांच्या जवळ जातो आकडा. महिन्यात दोन विकेंड, तेही आठ महिने, म्हणजे ३२ दिवस. दिवसाला ७ हजार. तुम्ही पत्रात "दर शनिवारी जाणारच" असं लिहिलंय. मुलगी दहावीत आहे, साहेब. पुढची तीन वर्षं शनिवार तिच्या क्लासच्या वेळापत्रकावर चालतील.

माझ्या एका अशीलाकडे कर्जतला गेलो होतो, तिथलं दृश्य सांगतो. शेडमध्ये निळ्या ताडपत्रीखाली क्वाड उभी, डाव्या चाकात हवा नाही, सीटचं कव्हर उंदरांनी कुरतडलेलं. बॅटरी दोनदा बदलून झाली होती. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी मजा आली." घेतल्याला तिसरं वर्ष चालू होतं.

फिरणार कुठे हाही पैशाचाच प्रश्न आहे. सिद्धगडच्या पायथ्यापर्यंत जायचा बेत तुम्ही लिहिलाय. सिद्धगड भीमाशंकर अभयारण्यात येतो, तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय गाडी घातली तर प्रकरण दंडावर थांबेलच असं नाही. रस्त्याचं म्हणाल तर नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, शेतातून टोकावड्याच्या नाक्यापर्यंतसुद्धा नाही. पोलारिसनं ५७०चं ट्रॅक्टर म्हणून नोंदणी होणारं मॉडेल भारतात आणलं होतं. तुमचं कोटेशन त्याचं आहे की निव्वळ ऑफ-रोडचं, हे डीलरकडून लेखी घ्या. आरसी, म्हणजे नोंदणीचं पुस्तक, मिळणार नसेल तर वाहनकर्ज विसरा, थर्ड पार्टी विम्याचं घोडंही तिथंच अडतं, आणि कोणाला धडक बसली तर भरपाई तुमच्या खिशातून. "मुलगीही चालवेल" हे वाक्य तर खोडूनच टाका. मोठ्या क्वाडवर कंपन्याच १६ वर्षांखालच्यांना चालवू देऊ नका असं लिहितात, आणि परवान्याचा विषय निराळाच.

करात काही सुटेल का, असंही विचारलंय. नाही. शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्यामुळे तिथला घसारा किंवा व्याज पगारातून वजा करता येत नाही. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर यांत्रिकीकरणाचं अनुदान पॉवर टिलर आणि ट्रॅक्टरला मिळतं, क्वाडवर त्या भरवशावर राहू नका. कलमांमध्ये खरंच यंत्र हवं असेल तर महिंद्रा जिवो २४५सारखा छोटा फोर व्हील ड्राइव्ह ट्रॅक्टर बघा. एचपी २४च, पण ओढायला, फवारायला, नांगरायला तोच कामाचा, आणि विकायला निघालात तर गावातच चार जण विचारतील. तोही ३ एकरांना जास्तच होतो, भाड्यानं मिळत असेल तर भाड्यानंच घ्या.

मग माझं मत. नवी स्पोर्ट्समन आत्ता नको. पर्सनल लोन काढून तर नकोच, कारण घराचा हप्ता धरून ५५ हजार दरमहा बांधले जातात आणि दोन वर्षांत मुलीच्या कॉलेजची फी सुरू होते. ती १४ लाखांची एफडी कशासाठी आहे हे पत्रात तुम्हीच लिहिलंय, तिला हात लावू नका. हप्त्याचे जे १३ हजार भरायची तयारी होती, त्यातले १० हजार दरमहा वेगळ्या रिकरिंगमध्ये टाका. तीन वर्षांत व्याज धरून ४ लाखांच्या आसपास जमतील. तोवर वर्षातून चार-पाच वेळा भाड्यानं क्वाड चालवा, खासगी ट्रॅकवर, हेल्मेट घालून. तीन वर्षांनीही हौस तेवढीच असेल आणि फीची सोय झालेली असेल, तर या पैशात एखादी कागदपत्रांची सेकंडहँड घ्या. तेव्हा मी अडवणार नाही.

आणि ती साडेपाच लाखांची यामाहा. यामाहा भारतात ग्रिझली विकत नाही, म्हणजे ती बाहेरून आलेली आहे. बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) आणि ड्यूटी भरल्याची पावती मागा. "कागद करून देतो" असं उत्तर आलं तर कस्टम्सनं उचललेली गाडी तुमचीच असेल आणि पैसे त्याच्याकडे. तुम्ही २५ हजार टोकन दिलंय असं तळटीपेत लिहिलंय. ते याच आठवड्यात परत मागा, आणि फोनवर नको, व्हॉट्सॲपवर लिहून मागा.