पुण्यात नवऱ्याला 24 लाख, बायकोला 12 लाख आहेत. म्युनिकहून वर्षाला 65 हजार युरोची ऑफर आलीय, मुलगी 3 वर्षांची आहे. जावं का?

युरो शंभर रुपयांचा धरून 65 लाख होतात, हा हिशेब आधी डोक्यातून काढा. मी म्युनिकलाच राहतो, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

65 हजारांतून पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि कर कापून जातात. बायको-मुलगी बरोबर असतील आणि बायको कमवत नसेल तर तुम्हाला कराचा तिसरा वर्ग घेता येतो, म्हणजे पगारातून कर कमी कापला जातो. मग महिन्याला साधारण पावणेचार हजार युरो हातात पडतात. एकटे आलात तर साडेतीन हजारसुद्धा नाहीत. सरकारी आरोग्य विम्यात बिनकमावत्या बायकोचा आणि मुलीचा वेगळा हप्ता लागत नाही, आणि मुलीसाठी महिना 259 युरो भत्ता मिळतो. म्हणजे चार हजार धरा.

आता भाडं. इथे सगळा खेळ घराचा आहे. जाहिरातीत जे भाडं ठळक छापतात त्यात हीटिंग, पाणी, कचरा धरलेला नसतो, त्यामुळे नेहमी सगळं धरून विचारा. साठ-सत्तर चौरस मीटरच्या घराला म्युनिकमध्ये सतराशे-अठराशे सहज जातात. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागतात (कायद्याने ते तीन हप्त्यांत देता येतं, घरमालक आपणहून सांगत नाही). आणि बऱ्याच घरांत स्वयंपाकघर म्हणजे चार भिंती आणि नळाची जोडणी. ओटा, सिंक, शेगडी आपण आणायची. पहिल्या तीन महिन्यांसाठी वेगळे पाच-सहा हजार युरो गाठीशी हवेतच.

बाकी वीज-इंटरनेट शंभर-सव्वाशे, किराणा साडेपाचशे, दोघांचे देशभर चालणारे मासिक पास 126, पाळणाघर, फोन, आणि टीव्ही नसला तरी घरटी द्यावी लागणारी 18.36 युरोची प्रसारण वर्गणी. पुण्यातल्या फ्लॅटचा 45 हजारांचा हप्ता असेल तर ते साडेचारशे. वर्षाला एकदा तिघांनी भारतवारी केली की महिन्याला दोनशे त्यातच गेले. उरतात चारशे-पाचशे, म्हणजे चाळीस-पन्नास हजार रुपये.

पुण्यात तुमच्या दोघांचे मिळून अडीच लाखांच्या आसपास हातात येत असतील. हप्ता, घरखर्च, पोळ्यांच्या मावशी, शाळा धरूनही लाखभर मागे पडत असणार. पगाराची तुलना करताना लोक बायकोचा पगार शून्य झाला हे विसरतात, आणि तुमच्या बाबतीत सगळ्यात मोठा खर्च तोच आहे.

म्हणून तिला काम मिळेल का, हे आधी बघा. ब्लू कार्डवाल्याच्या (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा कामाचा परवाना) जोडीदाराला आल्याबरोबर नोकरी करायची मुभा असते, व्हिसासाठी भाषेची अटही नाही. पण आयटी सोडून काही असेल तर बहुतेक ठिकाणी बी 1 किंवा बी 2, म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन मागतात. ती काय करते ते तुम्ही लिहिलं नाहीये. अकाउंट्स किंवा एचआरमध्ये असेल तर वर्ष-दीड वर्ष भाषेला द्यावं लागेल, तेवढ्या काळाची बचत पुण्यातूनच घेऊन या. क्लास तिकडेच सुरू केला तर फार बरं, इथे पाळणाघराला जागा मिळेपर्यंत तिचा दिवस मुलीच्या मागेच जातो.

आईवडिलांना इथल्या विम्यात घेता येत नाही, त्यांचं मेडिक्लेम तिकडे चालू ठेवा.

दुसरं, लाइपझिगसारख्या स्वस्त जर्मन शहरात 55 हजारांची ऑफर मिळत असेल तर मी ती घेईन. हातात पाचशे युरो कमी येतील, पण भाड्यात सातशे-आठशे वाचतील. म्युनिकच हवं असेल तर 72-75 हजार मागून बघा, आणि नाहीच म्हणाले तर निदान पहिल्या तीन महिन्यांचं सामानासकट घर कंपनीकडून लिहून घ्या.