नोकरी आणि तान्हं मूल सांभाळणाऱ्या आईने रोज काय घालावं, म्हणजे आरामही वाटेल आणि चारचौघींत नीटसही दिसेल?

तुम्ही लिहिलंय की बाळ आठ महिन्यांचं आहे, रजा संपलीय, सकाळी आवरायला जेमतेम दहा मिनिटं मिळतात, ऑफिसात गबाळं दिसायचं नाही, तर कुठल्या ब्रँडचे कपडे घ्यावेत. ब्रँडचं नंतर बघू. आधी सांगा, तुमच्या कपाटातल्या किती कुर्त्यांना खिसा आहे? आणि त्यातल्या किती खिशांत मोबाईल पूर्ण जातो?

मी कोल्हापूरची. सहकारी बँकेत काउंटरवर बसते, स्कूटरने जाते-येते. मुलगी आता शाळेत जाते, पण तुमचा प्रश्न वाचला आणि बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिला आठवडा डोळ्यांपुढे आला. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

मुलीच्या बारशाला वन्संनी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेने, मला ड्रेस दिला होता. मोरपंखी रंग, रेयॉनचं कापड, पाठीला चेन, कोपरापर्यंत घट्ट बाह्या. देताना सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हा घाल, यात बारीक दिसशील. आई झालं म्हणून काय अवतारात राहायचं?" कामावर परत जायच्या आठवड्यात तोच घातला, कारण बाळंतपणाआधीचं दुसरं काही अंगात शिरत नव्हतं.

माझ्या वेळी 1961 चा मॅटर्निटी बेनिफिट कायदा होता, नोव्हेंबर 2025 पासून हेच हक्क सामाजिक सुरक्षा संहितेत आलेत. त्यात स्पष्ट लिहिलंय की मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला रोजच्या जेवणाच्या सुटीखेरीज आणखी दोनदा दूध पाजायला सुटी द्यायची. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर हवं, हेही कुठेतरी वाचलेलं असतं. पण या दोन सुट्यांचं आपणहून कोणी सांगत नाही, मागावं लागतं. मी मागितल्या. आमच्या शाखेत डझनभर माणसं, तेव्हा पाळणाघराचा प्रश्नच नव्हता, पण घर स्कूटरने दहा मिनिटांवर. साहेब तोंड वाकडं करून का होईना, हो म्हणाले.

तर त्या दिवशी अकराच्या सुमारास घरी आले. पोरगी रडून लालबुंद झालेली. आणि पाठीची चेन अर्ध्यावर अडकली. आतल्या शिलाईचा दोरा तिच्यात गुंतलेला. सासूबाई मागून ओढतायत, मी श्वास आत घेऊन उभी, पोरगी किंचाळतेय. शेवटी तसाच डोक्यावरून काढला आणि बगलेत टर्रकन उसवला. पाजून झाल्यावर दुसरं घालायला धड काही नाही, म्हणून उसवलेल्या बगलेवर कार्डिगन चढवून परत गेले, भर मे महिन्यात. त्यात रेयॉन ओलं झालं की डाग लांबून दिसतो. दुपारी दूध पाझरलं तेव्हा ओढणी पिना लावून छातीवर पसरून बसावं लागलं. समोर पेन्शनवाल्यांची रांग, आणि साहेब घड्याळाकडे बघतायत. माझा कायद्याने हक्क होता, काम येत होतं, मूल जवळ होतं. सगळं अडलं ते एका चेनपाशी.

पुढच्याच दुसऱ्या शनिवारी, बँकेला सुटी होती, महाद्वार रोडला जाऊन कॅम्ब्रिक, म्हणजे बारीक विणीचं सुती कापड, घेतलं. इचलकरंजी आमच्यापासून तासाभरावर, तेव्हा सुती कापडाला कोल्हापुरात तोटा नाही. 44 इंची पन्ना, तीन कुर्त्यांचं कापड, प्रत्येकी अडीच मीटर. रात्रभर बादलीत भिजवलं, वाळवलं आणि राजारामपुरीतल्या टेलरकडे गेले. हे भिजवणं टाळू नका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, आणि शिवून झाल्यावर आटलं तर आधी छातीत घट्ट होतं.

टेलरला म्हटलं, पुढून उघडणारा हवा, आणि दोन्ही बाजूंना खिसे. पुढून उघडणाऱ्याला तो लगेच तयार झाला. खिशाला मात्र हात झटकले. "वैनी, लेडीज कुर्त्याला खिसा लावला की फॉल जातोय. आणि कट कुठनं काढू?" कटाचा मुद्दा त्याचा खरा होता. कुर्त्याचा बाजूचा कट कमरेखाली लगेच सुरू होतो, खिशाला जागाच उरत नाही. मी म्हटलं, कट दोन-अडीच इंच खाली न्या, त्याच्या वर सहा इंच तोंडाचा खिसा शिलाईतच बसवा. पिशवी त्याच कापडाची, आठ इंच खोल, आणि तिचं वरचं टोक पुढच्या भागाला आतून टाचा, म्हणजे मोबाईलच्या वजनाने बाजू लोंबणार नाही. पुढे छातीच्या खालपर्यंत पट्टी, पट्टीखाली टिचबटणं, वर दिसायला नुसती शोभेची बटणं. एका हाताने उघडता आणि लावता आलं पाहिजे, दुसऱ्या हातात पोर असतं. आणि शिलाईत दोन्हीकडे दीड-दीड इंच माया ठेवा, कारण पुढच्या वर्षभरात मी किती बारीक होईन की जाड, ते मलाच ठाऊक नाही.

तो कुरकुरला, पण शिवले त्याने. इतके नीट बसले की बँकेतल्या दोघी पत्ता विचारून गेल्या.

मग एका रविवारी वन्सं जेवायला आल्या. मी नवा कुर्ता घालून वाढत होते, खिशात मोबाईल, दुसऱ्यात पोरीचा रुमाल. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काय गं, बँक सोडून एसटीत कंडक्टर लागलीस काय?" माझा नवरा हसला. (त्याच्याशी नंतर बोलणं झालं, तो वेगळा विषय.) पुढे वन्संचं भाषण: बाईने खिशात हात घालून उभं राहणं बरं दिसत नाही, पर्स कशासाठी असते, आणि कपड्याचा आकार जातो म्हणजे बाईचा आकार जातो.

पर्स! एका कडेवर मूल, एका हातात डबा, चावी दातात, आणि पर्स खांद्यावरून घसरतेय. फोन वाजतोय तो पर्सच्या तळाशी डायपरखाली. हे ज्यांनी केलंय त्यांनी मला पर्सबद्दल सांगावं. माझी आजी नऊवारीत शेतात राबायची. पैसे कनवटीला खोचलेले, ओच्यात भाजी, शेंगा, वेळेला कोंबडीचं पिल्लूसुद्धा. दोन्ही हात मोकळे. काम करणाऱ्या बाईला जवळ जागा लागते, हे त्या काळी कोणाला समजावून सांगावं लागत नव्हतं. त्या जेवणात सासूबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी नुसतं एवढंच म्हटलं, "माझ्या परकराला लग्नापासनं खिसा हाय. तुझ्या शाळेची फी त्यातनंच जायची." वन्संनी आमटी मागितली.

वन्सं अजूनही मानत नाहीत. म्हणून सांगते, मी अजूनही बरोबर आहे.

आता तुमच्याबद्दल. रोजच्या कामाला रेयॉन घेऊ नका. दुकानात हाताला मऊ लागतं, अंगावर छान पडतं, म्हणून बायका फसतात. ओलं झालं की त्याची ताकद कमी होते, पिळून धुतलं की आकार सोडतं, घासतं तिथे गोळे येतात. मूल असलेल्या घरात कपडा रोज पिळून धुतला जातो. सुतीच घ्या. बारीक छापाचं, गडद निळं, मातकट, अजरखसारखं, ज्यात वरणाचा डाग लपेल. हळदीचा डाग पडला तर साबण लावल्यावर लाल होतो, तेव्हा घाबरून घासत बसू नका. धुऊन उन्हात टाका, ऊन तो पुसट करतं. पांढरा लिननचा सेट इन्स्टाग्रामवर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या बाईच्या अंगावर दिसतो, तेव्हा ते मूल नुकतंच आंघोळ करून आलेलं असतं एवढं लक्षात ठेवा.

सिझेरियन झालं असेल तर नाडीचा नेफा नेमका टाक्यांवर येतो. कमरेच्या वर जाणारी, मागे इलॅस्टिक आणि पुढे सपाट पट्टी असलेली सरळ पँट शिवून घ्या. काळी, करडी, मातकट अशा दोन-तीन असल्या की कुठल्याही कुर्त्याखाली जातात, आणि तुमची ती दहा मिनिटं वाचतात. लेगिंग मला आवडत नाही. कारण विचाराल तर उन्हाळा.

स्कूटर चालवत असाल तर पलाझो आणि ओढणी दोन्ही घरी ठेवा. मोटार वाहन नियमांत 123 वा नियम आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून दुचाकीचं मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं हवं, असं तो सांगतो. आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ते त्यातूनच आलं. पण तो विचार मागे बसणाऱ्याचा आहे. चालवणारीच्या गळ्यातल्या ओढणीचं दुसरं टोक वाऱ्यावर कुठे जातं, ते तिचं तिनेच बघायचं. ओढणीऐवजी बिनबाह्यांचं जाकीट घाला. मी कर्नाटकातल्या गुळेदगुड्डच्या खणाची दोन शिवून घेतलीत, एक जांभळं, एक हिरवं. साध्या करड्या कुर्त्यावर चढवलं की कोणी गबाळं म्हणायची बिशाद नाही. दूध पाझरलं तरी जाकिटाखाली दिसत नाही, हा त्याचा खरा उपयोग.

चप्पल कोल्हापुरीच घाला असं मी कोल्हापूरची असून सांगणार नाही. 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, अभिमान आहे, पण खरं कातडं पावसात भिजलं की गेलं. जून ते सप्टेंबर तिला पेपरात गुंडाळून कपाटात ठेवा. मूल कडेवर असताना मागे पट्टा असलेली सँडल हवी.

साडीबद्दल एक राहिलं. वर मी एवढं कुर्त्याचं गुणगान केलं, पण पाजणाऱ्या आईला साडीइतकी सोय कशातच नाही. पुढे हुकांचा ब्लाउज, वर पदर, संपलं. स्कूटर नसेल, बसने किंवा चालत जात असाल, तर सुती साडीचा विचार जरूर करा. आणि तुम्ही शिक्षिका असाल तर माझं अर्धं उत्तर तसंही बाद. राज्याच्या शालेय शिक्षण विभागाने मार्च 2024 मध्ये शिक्षकांच्या पोशाखाबद्दल जे काढलं, त्यात बायकांना साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा सांगितलाय, जीन्स-टीशर्ट नको म्हटलंय. खिशाला मात्र त्यातही कुठे मनाई नाही.

हे सगळं कोल्हापूरच्या हवेचं बोलतेय. तुमच्याकडे दिवसभर एसी असेल तर सुती कुर्त्यात थंडी वाजेल, आणि मुंबईच्या पावसात जाड सुती कपडा वाळत नाही म्हणतात, तिथल्या मैत्रिणींना विचारा. कापड घेऊन शिवायला टेलर लागतो, टेलरला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या महिन्यासाठी दोन तयार कुर्ते घ्यावेच लागतील. तेवढे घ्या. पुढे बटणं, मागे काही नाही, एवढं बघा.

ब्रँड विचारला होतात. मला ब्रँड माहीत नाहीत. मी गांधीनगरच्या बाजारात जाऊन कापड चुरगळून बघते. टेलरकडे ट्रायलला जाल तेव्हा आरशासमोर उभ्या राहून परत येऊ नका. खिशात स्वतःचा मोबाईल टाका, खाली वाका, दोन्ही हात वर करा, दुकानातल्या स्टुलावर बसून उठा. बगलेत ओढलं किंवा खिसा लोंबला तर तिथेच खुणा करून द्या. आणि टेलर म्हणाला की लेडीज कुर्त्याला खिसा होत नाही, तर टेलर बदला.