पोरगं संगतीला लागलं, की कुणी त्याला लावलं?

"मॅडम, पोरगं वाईट संगतीला लागलंय. त्याचं बाहेर जाणंच बंद करूया काय?" खानापूर, निपाणी, बेळगाव शहर, आई-वडील माझ्याकडे सल्ला विचारायला कुठूनही येऊ देत, प्रश्न बहुतेक हाच असतो. अलीकडे तो इतक्यांदा ऐकला की एका मुलाबद्दल लिहायचं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा दहावीतला, जांबोटीकडच्या गावचा. वडील उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मोबाईलची फुटलेली काच बदललेली दिसली आणि घरात स्फोट झाला. पैसे कुठून आणलेस? मार बसला, मोबाईल काढून घेतला, शाळा सुटली की थेट घर. पोरानं बोलणंच टाकलं, तेव्हा त्याला माझ्याकडे आणलं.

माझ्याकडेही तो सुरुवातीला गप्पच असायचा. मी "का केलंस" विचारलं नाही. मुलांच्या बाबतीत मी आधी जागा बघते, मग स्वभाव. कोरा कागद पुढे ठेवला आणि म्हटलं, "शाळा सुटल्यापासून घरापर्यंतचा रस्ता काढ." त्यानं शाळा काढली, बसस्टॉप काढला, चहाची टपरी काढली. टपरीच्या मागं पेन थांबलं.

"इथं कोण असतं?"

"दादा."

हा दादा तिशीचा. आधी वडापाव, मग मोबाईलची काच, मग "एवढी पिशवी पुढच्या स्टॉपवर दे." गोव्यात दारूवरचा कर कमी, त्यामुळे चोर्ला घाटातून बाटल्या चोरून आणणाऱ्यांना नफा मोठा. शाळेच्या दप्तरावर कोण संशय घेतो? एकदा पोरानं नकार दिला, तेव्हा दादानं काचेचे पैसे मागितले.

"भीती नाही वाटली?"

"दादा म्हणाला, तू अठराच्या आतला. सापडलास तरी तुला काय होत नाही."

"आणि म्हणूनच त्यानं तुला निवडलं, बाळा."

बराच वेळ तो कागदाकडं बघत बसला. मग मान वर करून म्हणाला, "म्हणजे मी त्याचा दोस्त नव्हतोच काय?" आणि रडला. मार खाताना हा मुलगा रडला नव्हता, असं त्याची आई मला सांगत होती. बाहेरची भीती त्याला बांधून ठेवत नव्हती. आपल्याला कुणीतरी मोठ्या माणसानं मोठं मानलं, ही भावना बांधून ठेवत होती. इतक्या वर्षांत हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय आणि ठामपणे सांगते: संगत मुलानं निवडली असं आपल्याला वाटतं, तेव्हा बऱ्याचदा कुणीतरी मुलाला निवडलेलं असतं. अशा वेळी पोराला घरात कोंडलं तर टपरीमागचा माणूस तिथंच राहतो आणि उद्या दुसऱ्याच्या पोराला वडापाव देतो.

वडिलांना मी कायदा सांगितला. किशोर न्याय कायदा २०१५, कलम ७८: दारू किंवा अमली पदार्थ विकायला, न्यायला, पोचवायला मुलाला वापरणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. गुन्हा वापरणाऱ्याचा.

ते म्हणाले, "ठाण्यात सगळं कन्नडात. आम्ही काय बोलणार?" आपल्या भागातली ही अडचण खरी आहे, पण तिच्यापायी गप्प बसू नका. घडलेलं आधी मराठीत क्रमानं लिहून काढा. कन्नड नीट येणारा, गोष्ट बाहेर न फोडणारा माणूस सोबत न्या. जबाब वाचून, समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, फोन मोफत. जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीकडंही जाता येतं. या वडिलांनी तेच केलं. शाळेनं शाळा सुटायच्या वेळी एक शिक्षक बसस्टॉपवर उभा केला. मला तर वाटतं, प्रत्येक शाळेनं हे करावं.

न सांगता आलेली वस्तू, फोन वाजला की उडणारा चेहरा, कुणाचं तरी "देणं", हे दिसलं तर पोराला आधी जेवायला वाढा. मग "कुणी दिलं, बदल्यात काय मागितलं?" एवढंच विचारा. आणि उत्तर ऐकताना हात उगारू नका.

जाताना वडिलांनी विचारलं, काचेचे पैसे देऊन टाकू काय, म्हणजे विषय संपेल. मी नको म्हटलं. पैसे दिले तर मागणं वाढतं. दादाचे मेसेज पुसू नका, मोबाईल तसाच पोलिसांना दाखवा, आणि त्या माणसाला गाठायला स्वतः जाऊ नका.