घरातले दोन कॉम्प्युटर जोडून फाइल पाठवायला क्रॉस केबलच लागते का?

नाही लागत. क्रॉस केबल म्हणजे पाठवायच्या नि घ्यायच्या तारा एका टोकाला उलटसुलट जोडलेली लॅन केबल. साधी लॅन केबल घ्या, एक टोक इकडे एक तिकडे, झालं. गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएसचा, पोर्ट असेल तर कुठल्या तारेवरून पाठवायचं नि कुठल्या तारेवर घ्यायचं ते पोर्ट आपलं आपण ठरवतात. क्रॉस केबल जुन्या १०० एमबीपीएसवाल्या कार्डांना लागायची. एवढं ठासून सांगतोय कारण ह्यावरून आमच्याकडे ऐन गणपतीत वाजलंय.

मी लग्न-मुंजीचे व्हिडिओ करतो. जुन्या डेस्कटॉपवरचं चारेकशे जीबी फुटेज नव्यावर घ्यायचं होतं. भावोजी ठाण्याहून आरतीला आलेले, आयटीत आहेत, हातात मोदकाची डिश आणि लगेच सुरू, "अरे केबल काय लावतोस, क्लाउडवर टाक आणि तिकडे उतरवून घे." आमच्या भांडुपच्या कनेक्शनला अपलोड ४० एमबीपीएस (ते मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला ५ एमबी, नुसतं चढवायलाच जवळपास अख्खा दिवस आणि मग तेच परत खाली आणायचं! हॉलमधलं कपाट बेडरूममध्ये न्यायला टेम्पो बोलावण्यातला प्रकार आहे हा.

मग म्हणे बरं, केबल लाव, पण क्रॉस हवी, साधीवर काही होणार नाही. मी लॅमिंग्टन रोडवरून आणलेली साधी कॅट सिक्स लॅन केबल खोचली, दोन्हीकडचे हिरवे दिवे लागले. विंडोजने 'अनआयडेंटिफाइड नेटवर्क' दाखवलं आणि आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता, १६९.२५४ ने सुरू होणारा. भावोजी खूश, "बघ, म्हटलं नव्हतं?" अहो, केबल लागलीय म्हणूनच तो आकडा आलाय! आयपी वाटायला मध्ये राउटर नाही म्हणून विंडोजने स्वतःच एक घेऊन टाकलाय. मी हाताने एकाला १९२.१६८.५०.१ दिला, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा.

खरी गोची पासवर्डची होते आणि ती कोणी सांगत नाही. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला पासवर्डच नव्हता, आणि बिनपासवर्डाच्या खात्याने विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही. पिनही चालत नाही. भावोजी म्हणाले पासवर्डवालं शेअरिंगच बंद कर, पण नवीन विंडोज ११ अशा बिनपासवर्डाच्या पाहुण्याला (गेस्टला) बहुतेकदा दारातूनच परत पाठवतं. सरळ जुन्यावर एक लोकल युजर बनवा, त्याला पासवर्ड द्या, फोल्डर त्याच्या नावाने शेअर करा आणि नव्यावर अ‍ॅड्रेस बारमध्ये दोन उलटे स्लॅश देऊन आयपी टाका. तरीही दिसलं नाही तर अशा जोडणीला विंडोज पब्लिक नेटवर्क समजतं, त्यातलं फाइल शेअरिंग तेवढ्यापुरतं चालू करा. तेव्हा दोन्हीकडचं वायफाय बंद ठेवा आणि काम झालं की शेअरिंगही बंद करा, ते विसरायचं नाही.

कॉपी सुरू झाली, सेकंदाला ९०-१०० एमबी. सव्वा तासात सगळं फुटेज इकडे. भावोजी आकड्याकडे बघत होते, बोलले काहीच नाहीत. दिवाळीत मात्र मामांना सांगत होते, "ते नेटवर्कचं मीच बसून करून दिलं ह्याला." ताई शेजारी बसून गप्प!

असो. वेग सेकंदाला ११ एमबीवर अडकला तर एकतर कुठला तरी पोर्ट जुना १०० एमबीपीएसचा आहे, नाहीतर केबलची एखादी जोडी तुटलीय किंवा क्रिंपिंग (तारांच्या टोकाला पिन बसवणं) नीट झालेलं नाही, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात. बारीकबारीक फोटो हजारोंनी असतील तर तसाही वेळ लागणार, त्याला केबल काय करणार. लॅपटॉपला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीचा अ‍ॅडॉप्टर मिळतो, गिगाबिट आणि यूएसबी ३ वालाच घ्या.

आणि दोन्ही टोकांना चपटी चौकोनी (टाइप-ए) पिन असलेली साधी यूएसबी केबल दोन कॉम्प्युटरमध्ये लावू नका, दोन्हीकडून ५ व्होल्ट येतात, पोर्ट उडू शकतो. हा सल्ला मला कोणी दिला होता ते ओळखा.