बी.कॉम. करून जंगलासाठी पैसा उभा करता येईल का?

प्रश्न : मुलगी टी.वाय.बी.कॉम.ला आहे. गावांनी आपलं जंगल पुन्हा उभं करावं, लाकूड-बांबूचे छोटे उद्योग चालवावेत, आणि त्यासाठी त्यांना पैसा मिळवून द्यावा, असं काम तिला करायचंय. आम्ही म्हणतो, बँकेच्या परीक्षा दे. काय करावं? – एक पालक, मुलुंड

उत्तर : हा वाद मिटण्यासारखा आहे. नाबार्ड ही शेती आणि ग्रामविकासाला पैसा पुरवणारी सरकारी बँकच; तिच्या अधिकारी भरतीच्या ग्रेड ‘ए’ परीक्षेत शेती आणि ग्रामविकास हा विषयच असतो. मुख्यालय मुंबईत बीकेसीत आहे, पण नेमणूक कुठेही होते हे धरून चाला.

कोणता पैसा कशाला लावायचा, हे ओळखणं हीच या कामातली खरी मेख. रोपं लावायला कर्ज काढू नये. झाड पाच-सात वर्षं काही देत नाही आणि बँकेचा हप्ता तेवढं थांबत नाही. जंगलाला अनुदान किंवा सीएसआर (कंपन्यांनी समाजकामासाठी द्यायचा पैसा), यंत्राला मुदत कर्ज, ऑर्डरला खेळतं भांडवल, अशी वाटणी हवी.

सीएसआरचे प्रस्ताव फसतात ते तारखांवर. रोपं जुलैत लागतात, कंपनीचं वर्ष 31 मार्चला संपतं, आणि रोपं मरतात त्यानंतरच्या उन्हाळ्यात. खड्ड्यांना पैसे मिळालेले असतात; पाण्याला आणि गुरं हाकणाऱ्या राखणदाराला नसतात. म्हणून प्रस्ताव पहिल्यापासूनच बहुवर्षीय मांडावा. सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं खर्चाची मुभा नियमात आहे. असा पैसा घेण्यासाठी संस्थेची कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-1 नोंदणी लागतेच.

उद्योगाचं गणित वेगळं. समजा, दिवाळीसाठी 250 रुपयांचे 500 बांबूचे कंदील, म्हणजे सव्वा लाखाची ऑर्डर. बांबू तीन वर्षांहून जुना आणि थंडीत तोडलेला हवा. पावसाळ्यात तोडला तर त्यातल्या पिष्टामुळे कीड लागते आणि दुकानात टांगलेल्या कंदिलातून पिठासारखी पूड गळते. मग माल परत. शिवाय टाकणखार-बोरिकच्या पाण्यात बुडवून नीट सुकवावा लागतो. म्हणजे बांबूचे पैसे जानेवारीत गेले, ऑर्डर ऑगस्टमध्ये आली, बिल सुटलं नोव्हेंबरात. हे दहा महिने कोण सांभाळणार? बहुतेक बचत गट इथेच बुडतात, यंत्र नाही म्हणून नव्हे. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) आधी करून ठेवली असेल तर कंपनीला 45 दिवसांत बिल द्यावं लागतं, नाहीतर व्याज.

पीएमईजीपी, म्हणजे छोट्या उद्योगाच्या कर्जावर अनुदान देणारी पंतप्रधान रोजगार निर्मिती योजना, हिच्याबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. ग्रामीण भागात महिलेने 10 लाखांचा कारखाना मांडला, तर स्वतःचे 50 हजार, बाकी बँकेचं कर्ज. साडेतीन लाखांचं अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षं त्याच बँकेत ठेव म्हणून राहतं आणि मग कर्जात वळतं होतं.

आणखी एक कागद आधी पाहावा : माल कुठल्या जमिनीतला? 2006च्या वनहक्क कायद्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारा माल) आहे, साग नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, म्हणून ते स्वतःचा बांबू विकू शकले. सागाच्या फर्निचरचा प्रकल्प या हक्काच्या जोरावर मांडला तर बँकेच्या टेबलावरच अडकतो.

पुढच्या शिक्षणासाठी भोपाळची आयआयएफएम (वन व्यवस्थापन शिकवणारी संस्था) किंवा मुंबईत देवनारची टिस (टाटा समाजविज्ञान संस्था) पाहा. बांबूचं काम शिकायला चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं केंद्र आहे.

पण त्याआधी, परीक्षा झाली की जव्हार-मोखाड्याकडच्या एखाद्या बचत गटाचे वर्षाचे हिशेब लिहून द्यायला तिला पाठवा. मे महिन्यातच पाठवा. रोपांना पाणी घालायला माणूस आहे की नाही, ते तेव्हाच दिसतं.